अठ्ठावन्न सेकंदांचा माणूस

नेव्हिल हॅलम माझ्या कुंपणापलीकडे बत्तीस वर्षं राहतो आहे. त्यातली पहिली चोवीस वर्षं तो पहाटे साडेपाचला मोटारींच्या कारखान्यात कामाला जायचा. उरलेली आठ तो मागच्या अंगणात, हिरव्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून आहे. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या या एलिझाबेथ गावात अशा खुर्च्या बऱ्याच अंगणांत आहेत. कारखाना बंद झाला त्या दिवशी काहीजण रडले, काही प्यायले. नेव्ह घरी आला, डबा धुऊन ठेवला आणि बसला.

त्याचं काम साधं होतं. गाडी पट्ट्यावरून सरकत समोर आली की तिच्या नाकात रेडिएटर बसवायचा. चार बोल्ट, दोन पाइप, दोन क्लँप. अठ्ठावन्न सेकंदांत गाडी पुढे सरकायची आणि दुसरी यायची. मी एकदा विचारलं होतं, "नेव्ह, कंटाळा नाही आला रे?"

"अठ्ठावन्न सेकंदांत कंटाळा यायला वेळ कुठे असतो, शालू?"

मी त्यावर खूप हसले होते. मी पूर्वी नाटकात होते, तेव्हा आमच्या नाटक कंपनीत एक नट होता, पहिल्या अंकात निरोप्याचं काम करायचा. चार वाक्यं बोलून मेकअप पुसून घरी जायचा. दोनशे प्रयोग झाले तरी नाटकाच्या शेवटी कोण मरतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. नेव्हला पाहिलं की मला तो आठवतो.

हवेवर चालणारा, सतत थरथरणारा पाना दिवसभर हातात धरून नेव्हच्या बोटांतली जाणीव गेली होती. चहा गरम आहे की गार हे तो कपाला ओठ लावून ठरवायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हे परत येणार नाही. "बरं," म्हणून तो घरी आला. त्याची बायको रेलीन एवढंच म्हणाली, "हात तेवढे गेलेत असं त्याला वाटतं."

घरात एक काळी सेडान होती, त्याच कारखान्यात बनलेली, इंजिनावर सुपरचार्जर चढवलेली. नेव्हने ती आधीच्या मालकाकडून घेतली. सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो आणि कोंबलेली हवा तापते. तिला गार करणारं पाणी गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढच्या एका जाळीत फिरून वारा खाऊन येतं. त्या जाळीला हीट एक्स्चेंजर म्हणतात. या गाडीची जाळी लहान होती. आमच्याकडे जानेवारीत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. तेव्हा ती पुरी पडत नसे. हवा तापली की इंजिन आपणहून जोर कमी करायचं आणि काट्याशेजारी पिवळा दिवा लागायचा.

गेल्या जानेवारीत रेलीनची आई इथून अडीच तासांवरच्या रेनमार्कला वारली. दफन अकराला होतं. ही दोघं वेळेवर निघाली, पण वाटेतल्या ब्लँचटाउनच्या पुढे दिवा लागला. नेव्हने गाडी रस्त्याकडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि तो झाडांच्या सावलीत उभा राहिला.

"हळू चालव ना," रेलीन म्हणाली. "सत्तरने चालव. पण चालव."

"इंजिन जाईल."

दीड तास ती दोघं तिथे होती. पोचली तेव्हा दोन माणसं फावड्यांनी माती सारखी करत होती. रेलीनने नवऱ्याला एका शब्दानेही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मात्र त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. बाजारहाटाला ती माझ्याबरोबर यायची. घरातल्या बोलण्यात दूध संपलंय, कचऱ्याचा डबा बाहेर ठेव, एवढंच उरलं.

आमच्याकडे थडग्यावरचा दगड माती बसल्यावर, वर्षभराने लावतात. या जानेवारीच्या तेविसाव्या तारखेला दुपारी एक वाजता तो लागणार होता. नाताळच्या आठवड्यात रेलीन मला म्हणाली, "मी बसने जाणार. येशील का गं? आईला तुझं आंब्याचं लोणचं आवडायचं."

"येईन की. नेव्ह?"

"त्याला मी काही म्हटलेलं नाही."

नेव्ह पलीकडे खुर्चीत होता. त्याने ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवरून बाजारातली मोठी जाळी मागवली, मूळच्या दुप्पट जाडीची. काय करणार आहेस म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिला गाडीने न्यायचंय."

खोकं जानेवारीच्या दहा तारखेला आलं. त्याने पुढचा बंपर उतरवला, हॉर्न काढून बाजूला टांगला, जुनी जाळी सोडवली. नवी बसवताना मागच्या एसीच्या पात्यांना धक्का लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवला. मी दोरीवर कपडे घालता घालता बघत होते. पूर्वी जे मिनिटाच्या आत व्हायचं त्याला आता तीन दिवस लागले. बोल्ट भोकात सरळ बसला की तिरका हे बोटांना कळत नव्हतं. मग तो बोल्ट आधी उलटा फिरवायचा, कान जवळ नेऊन 'टक्' असा बारीक आवाज ऐकायचा आणि तिथून सुलटा वळवायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुसरा क्लँप आवळला आणि हात खाली सोडून दोन पावलं मागे सरकला. जणू आता दुसरी गाडी येणार. मिनिटभर तो तसाच उभा होता.

मग त्याने छोट्या टाकीत गार करणारं कूलंट ओतलं, झाकण लावलं आणि गाडी जवळच्या गॉलर गावापर्यंत नेऊन आणली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"होती तशीच," तो म्हणाला. "दिवा लागला." आणि खुर्चीत बसला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेलीन म्हणाली, "बसचं तिकीट काढलंय मी."

"बरं."

पाच दिवस गाडी बंपरशिवाय उभी होती, दात पडलेल्या तोंडासारखी. सहाव्या दिवशी नेव्ह उठला, डोक्यावर टोपी घातली आणि चालत निघाला. दोन गल्ल्या सोडून थानासी राहतो. कारखान्यात पट्ट्यावर तो नेव्हच्या पुढच्या जागेवर असायचा, हाताच्या अंतरावर. एकोणीस वर्षं. कारखाना बंद झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. भांडण नव्हतं काही. तिथे उभं राहायचं संपलं, तसं बोलायचंही संपलं.

तासाभराने दोघं आले. थानासीच्या एका हातात टोमॅटोंची पिशवी, दुसऱ्यात एक पंप.

"हे तुमच्यासाठी, बाई," त्याने पिशवी कुंपणावरून माझ्याकडे दिली. "याला देऊन उपयोग नाही, हा सडवेल." मग गाडीच्या पुढ्यात वाकला. "काम तर झकास केलंयस रे. क्लँप एका रेषेत. पाणी कसं भरलंस?"

"टाकीत ओतलं. झाकण लावलं."

"आणि पाइपातली हवा?"

"तिचं काय?"

"ती कुठे गेली?"

"कुठे जाणार?"

"तेच म्हणतो मी. कुठेच गेलेली नाही. आत मांडी घालून बसलीय, पाण्याला फिरू देत नाहीये." थानासी उभा राहिला. "एकोणीस वर्षं माझ्या शेजारी होतास, म्हाताऱ्या. तू क्लँप लावलास की गाडी माझ्याकडे. मी आधी सगळी हवा ओढून घ्यायचो, मग पाणी सोडायचो. एकदा तरी मान वळवून बघायचंस!"

"वेळ कुठे होता?"

"अठ्ठावन्न सेकंद होते की."

"तू बघितलंस, तुझ्या पुढचा काय करायचा ते?"

"नाही," थानासी म्हणाला. "काहीतरी दिव्यांचं होतं त्याचं."

त्यांनी गाडीचं नाक उतारावर चढवलं. थानासीने टाकीच्या तोंडाला पंप लावून हवा ओढली. रबरी पाइप एकेक करून चपटे झाले. मग नळी कूलंटच्या कॅनमध्ये सोडून तोटी उघडली आणि पाणी आपणहून आत गेलं. फिरवणारी मोटर आधी खडखडत होती, आता तिचा आवाज येईनासा झाला. इंजिन चालू करून दहा मिनिटांनी थानासीने जाळीच्या दोन पाइपांना दोन हात लावले.

"जाणारा गरम, येणारा गार. चालू आहे."

नेव्हनेही हात लावले. बराच वेळ तसाच धरून राहिला. "मला काही कळत नाही," तो म्हणाला.

"मी सांगतोय ना."

त्या संध्याकाळी बंपर परत लागला. नेव्हने रेलीनला सांगितलं, गाडी झाली. तिने भांडं पुसता पुसता मान हलवली. तेविसाव्या तारखेला सकाळी ती मी दिलेली लोणच्याची बरणी आणि फुलांचा पुडा घेऊन माझ्या दारात उभी होती. माझ्या गाडीने आम्ही गॉलरच्या स्टॉपवर गेलो आणि पावणेनऊच्या बसमध्ये बसलो. नेव्ह तेव्हा अंगणात होता. खुर्चीत नव्हता, उभा होता.

नूरिउट्पा गाव मागे पडल्यावर मी सहज मागे बघितलं. बसच्या मागे काळी गाडी होती.

"रेलीन," मी म्हटलं.

"बघितलंय मी."

ब्लँचटाउनचा पूल गेला. पुढे ती झाडं आली. रेलीन समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. गाडी थांबली नाही. पुढे न जाता, मागे न पडता बसच्या पाठीशी राहिली. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "बायांनो, मागे कोण आहे तुमच्या? पोलिस की नवरा?"

"नवरा," रेलीन म्हणाली.

"मग पोलिस बरा!"

एकदोघं हसले. ती हसली नाही, रागावलीही नाही.

वायकेरीला बस दहा मिनिटं थांबते. बाहेर बेचाळीस होतं, भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तसं. नेव्ह गाडी चालू ठेवूनच उतरला होता आणि दाराशी उभा होता. रेलीन त्याच्याकडे गेली. मी बसच्या पायरीवर राहिले, तरी ऐकू येत होतं.

"दिवा लागला?"

"नाही."

"बसच्या मागे शंभरने चालवून काय कळणार आहे?"

"काही नाही." तो गाडीच्या टपाकडे बघत होता. टप चांगलाच तापलेला असणार, पण हात त्यावर टेकलेला होता. "त्या दिवशीही चालवता आली असती, रेलीन. हळू. इंजिन गेलं नसतं. फार तर काय, अर्धा तास उशीर झाला असता."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तिथे उभी होते तेव्हापासून," रेलीन म्हणाली. "हात काढ तिथून, भाजेल."

त्याने हात काढला. तळवा लाल झाला होता. दोघांनी तो बघितला. मग ती परत आली, माझ्या अंगावरून बसमध्ये चढली, फुलं आणि बरणी घेतली.

"अहो, रेनमार्क यायला अजून तास आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत आहे मला," ती त्यालाही तेच म्हणाली. आणि मला, "शालू, तू पण चल. मागे जागा आहे."

मी नाही म्हटलं. ती गाडीत बसली, दार लागलं. गाडी बसला वळसा घालून पुढे निघाली आणि दोन मिनिटांत दिसेनाशी झाली.

आमची बस साडेबाराला पोचली. स्मशानभूमी स्टॉपपासून जवळच आहे. दगड आणणारा ट्रक फाटकाशी उभा होता. दगड अजून खाली उतरवलेला नव्हता. थडग्यापाशी त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. रेलीन गवतावर बसली होती आणि नेव्ह तिच्या मागे, तिच्यावर सावली पडेल असा उभा होता.

"किती वेळ झाला येऊन?" मी विचारलं.

"अर्धा तास," ती म्हणाली. "बस."

मी बसले. एक वाजता दगड उतरवेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो.