हरिचंदचा डीजे

कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचा हरिचंद स्वतःला कलाकार म्हणवतो. त्याची कला एवढीच, की आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं. दोन भोंग्यांवर सुरू केलेला धंदा त्यानं टेम्पोभर डीजेपर्यंत नेला आणि टेम्पोवर गॉगल घातलेला स्वतःचाच फोटो लावला. वरातीत म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची, तेव्हा याची छाती फुगायची.

एकदा नुकतीच बाळंत झालेली मिना दारात येऊन म्हणाली, "भाऊ, लेकरू दचकून राहिलं. जरा कमी करा."

"डीजे हाय हा, अंगाई न्हाई," म्हणत त्यानं आवाज वाढवला.

पुढं त्याचेच कान गेले. डॉक्टरनं तसं लिहून दाखवलं, तर म्हणे तुमची मशीन बिघडली.

यंदा त्याची लेक दिपा सासरी निघाली. बापाच्या गळ्यात पडून तिनं रडत रडत ढावलो गायला, निरोपाचं गाणं. सगळा तांडा डोळे पुसत होता. हरिचंदनं बायकोला ओरडून विचारलं, "काय म्हणून राहिली ती?"

रूपाबाई म्हणाली, "तुमच्या कामाचं न्हाई ते."

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि हसत हसत टेम्पोवाल्याला डीजे लावायची खूण केली.