साडूचे सहा बोल्ट

व्हिडिओ बघून गाडीखाली शिरणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. एकतीस वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली काढली आहेत, त्यामुळे ही मंडळी काय घाण करून ठेवतात ते मी नाकासमोर बघितलंय. नटाच्या जागी तार, तारेवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर शेंबडासारखं काहीतरी थापलेलं. वर मालक छाती पुढे काढून सांगणार, "मीच केलंय सगळं, तुम्ही जरा नजर टाका फक्त." अशा वेळी मी आधी बाहेर जाऊन थुंकून येतो आणि मग नजर टाकतो.

पण या सगळ्यांपेक्षा माझ्या डोक्यात जायचा तो माझा साडू, कारण तो असली घाण करतच नसे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे त्याने अठ्ठावीस वर्षं गोळ्या मोजल्या. फळीवरून बाटली उचलताना तो तिच्यावरची चिठ्ठी वाचायचा, औषध ओतताना पुन्हा वाचायचा आणि बाटली जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा वाचायचा. तिथे ते ठीक होतं, चुकलं तर माणूस जातो. पण हा गृहस्थ घरी बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूरही तीनदा वाचतो आणि मगच पुडा फोडतो. तोवर आमचा चहा गार. सासरी सगळे त्याला डोस म्हणतात. ते नाव मी ठेवलं. त्याने ते हसत हसत घेतलं, तेही मला आवडलं नाही.

अंगाने बारीक, बाह्या मनगटापर्यंत बंद, नखं मुळापासून कापलेली. हात धुवायला बसला की कोपरापर्यंत धुणार, दोन मिनिटं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याने माझा हात हातात घेऊन बोटांच्या भेगांमधलं काळं निरखलं आणि विचारलं, "किती वर्षांचं आहे हो हे?" त्याने कौतुकाने विचारलं होतं, असं बायको म्हणते. मी हात काढून घेतला तो घेतलाच.

सासुरवाडीचा गळका नळ त्याने दुरुस्त केला, तो पुन्हा गळला नाही. माझ्या बायकोच्या शिलाई मशीनशी मी दोन रविवार झटलो, शिव्या घातल्या आणि भंगारात द्यायला काढलं. डोस ते घेऊन गेला, कुठूनतरी त्याचं माहितीपुस्तक मिळवलं आणि आठवड्याने मशीन परत आणून दिलं. आजही ते कुरकुरत नाही. त्या मशीनचा आवाज आला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.

निवृत्तीनंतर त्याने एक जुनी, उंच, सात माणसांची एसयूव्ही घेतली. त्याची मुलगी घाटापलीकडच्या गावात बेकरी काढत होती. तिच्यासाठी याने आमच्या गावातून एक वापरलेला ओव्हन मिळवला, चारशे किलोचा. तो ट्रेलरवर घालून स्वतः नेऊन द्यायचा बेत ठरला. आता ट्रेलर ओढायचा तर गाडीच्या मागे, बंपरखाली, चासीला म्हणजे सांगाड्याला एक भक्कम लोखंडी दांडा बोल्टांनी जखडावा लागतो. त्याला हिच म्हणतात. माझ्या गॅरेजात महिन्याला दोन तरी हिच बसतात. त्यामुळे डोस आता माझ्याच दारात येणार, हे मी धरून चाललो होतो. त्याला थोडं ताटकळत ठेवायचं, हेही ठरवलं होतं.

रविवारी सकाळी मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, हे सात वाजल्यापासून गाडीखाली आहेत. हिचचं खोकं परवाच आलं." मी दाढी करत होतो, हनुवटीला ब्लेड लागलं. तसाच निघालो. मी भांडेन याची खात्री असल्यामुळे बायकोही बरोबर आली.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बघतो तो काय, गाडीखाली पांढरी चादर. पांढरी! चादरीवरून दोन धुतलेले पाय बाहेर. शेजारी स्टीलचा ट्रे, त्यात पाने आकाराप्रमाणे लावलेले. बोल्ट आणि नट त्याने आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत घातले होते, एकेका वाराच्या कप्प्यात एकेक. सोमवार ते शनिवार, सहा बोल्ट. रविवारच्या कप्प्यात कापूस. 

"या साडूभाऊ!" गाडीखालून आवाज आला. "बरं झालं आलात."

"माझं गॅरेज जळलं असं कोणी सांगितलं का तुम्हाला?" मी म्हटलं.

"तसं नाही हो. पोरीच्या दुकानात माझ्या हातचं काहीतरी जावं असं वाटलं. मला पाव थोडेच भाजता येतात."

मी वाकून बघितलं. चासीवरचा गंज त्याने दात घासायच्या ब्रशने काढला होता. हिचचे बोल्ट चासीच्या पोकळीतून आतून बाहेर ओढावे लागतात. एक भोक, एक तार आणि भरपूर शिव्या, असं ते काम असतं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा एक बोल्ट आतच पडला आणि अर्धा दिवस गेला. याने आधी घरात पुठ्ठ्याच्या नळीतून तीनदा सराव केला होता. बावीस किलोचा दांडा त्याने जॅकवर, औषधसूचीच्या जुन्या जाडजूड पुस्तकावर टेकवून, केसाएवढाही तिरका न होता जागेवर आणला होता.

मग त्याने टॉर्क पाना काढला. नट ठरवलेल्या जोराएवढा आवळला की हा पाना 'कट्' असा आवाज करतो, म्हणजे थांबा. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं पत्रक त्याने मोठ्याने वाचलं, "एकशे दहा." पाना एकशे दहावर लावला. पुन्हा वाचलं. कट्. प्रत्येक नट तीनदा. मी असला पाना धरत नाही. किती आवळायचं ते माझ्या मनगटाला कळतं, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आलोय.

शेवटी त्याने मेहुणीचं लाल नेलपॉलिश मागवलं आणि प्रत्येक नटापासून चासीवर एकेक बारीक रेघ ओढली. नट जरासा जरी सरकला तरी रेघ तुटणार आणि डोळ्यांना दिसणार. हे करताना त्याने जीभ दातांत धरली होती.

"आता तुम्ही खाली जाऊन बघा," तो उठत म्हणाला. "तुम्ही बघितल्याशिवाय मी पोरीचं सामान लावणार नाही."

तो हात धुवायला वर गेला. बायका आधीच वर गेल्या होत्या. मी त्या पांढऱ्या चादरीवर मुद्दाम मळक्या पाठीने झोपलो आणि चूक शोधू लागलो. सायलेन्सर बघितला, स्टेपनी बघितली, एकेक बोल्ट बघितला. काही सापडेना. गॅरेजातल्या पोरांना मी असं काम करायला शिकवू शकलो नव्हतो. 

मी उठलो, माझ्या गाडीतून लांब दांड्याचा पाना आणला आणि मंगळवारच्या नटाला लावला. फक्त बघावं म्हणून. एकदा तरी तो ढिला निघावा म्हणून. निघाला नाही. मग मी जोर केला. जड गेला, आणखी जड गेला, आणि मग एकदम हलका झाला.

हा हलकेपणा प्रत्येक फिटरला माहीत असतो. आटे गेले. वरून नट जागच्या जागी दिसतो, पण आत धरायला काही उरत नाही. लाल रेघ मधोमध तुटली होती.

ट्रेच्या कडेला नेलपॉलिशची बाटली होती. मी जुनी रेघ नखाने खरवडली आणि तिथे नवीन ओढली. हात न थरथरता ओढली. मला ते आठवलं की आजही हात कापून टाकावासा वाटतो.

डोस ओले हात पुसत खाली आला. "काय म्हणता?"

"चालेल," मी म्हणालो.

त्याचा चेहरा असा काही खुलला की मी दुसरीकडे बघितलं. सहांतले पाच तर घट्ट आहेत, पाचांवर ओव्हन काय, हत्ती जाईल, असं मी मनाशी घोकत होतो. घाटात चारशे किलो मागून ढकलायला लागले की एका ढिल्या बोल्टाने बाकीचे कसे हलायला लागतात, ते मात्र मनातून काढत होतो.

घरी परतताना बायको म्हणाली, "मी पण जाणार आहे उद्या त्यांच्याबरोबर. पोरीचं दुकान बघून येते."

"तू जाऊ नकोस."

"का?"

मी गिअर बदलला.

"का, ते तरी सांगा."

"घाट आहे. माणूस नवखा आहे."

"किती जळाल हो त्या माणसावर!" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. पुढे संध्याकाळ होती, जेवण होतं, सकाळचा चहा होता. प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि त्यातून दुसरंच काहीतरी निघालं. सहाला डोसने खाली हॉर्न वाजवला. ती मागच्या सीटवर बसली, तिच्या पाठीमागे तो ओव्हन. जाताना डोसने मला हात केला.

गॅरेज उघडलं, पण पाना हातात धरवेना. चहा तोंडात घेतला आणि थुंकला. साडेसातला बायकोला फोन लावला.

"थांबलोय आम्ही," ती म्हणाली. "घाटाच्या अलीकडे, पेट्रोल पंपावर. पन्नास किलोमीटरवर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, असं त्यांच्या पत्रकात आहे म्हणे. एक बोल्ट बोटांनी फिरतोय. तुम्ही या."

मी नवा बोल्ट, नट आणि वायसर घेतला आणि गाडी पळवली. घाटाच्या अलीकडे. हे दोन शब्द मी वाटभर पुटपुटत होतो.

डोस पंपाच्या कठड्यावर बसला होता. मेहुणी पाण्याची बाटली घेऊन शेजारी. बायको गाडीला टेकून उभी. डोसच्या हातांना ग्रीस लागलं होतं आणि त्याने ते धुतलं नव्हतं. त्याला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तीनदा आवळला होता हो मी," तो म्हणाला. "तुमच्यासमोर. मग तुम्हीही बघितलात. तरी माझ्या हातून सुटला."

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो. होय, एवढ्यावरही मी असं म्हणालो.

"तसं नाही. मी सगळा वेळ तोच विचार करतोय. अठ्ठावीस वर्षं मी तीनदा वाचूनच औषध दिलं. तीनदा बघूनही चुकत असेल, तर तिथे किती चुकलं असेल? मला तर कोणी परत येऊन सांगणार नव्हतं." तो त्या काळ्या हातांकडे बघत होता. "एक म्हातारी होती. दुसऱ्या दिवशी गेलीच ती. तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय होतं."

मेहुणी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला स्वतःचा इतका घाण वास आला की मी दोन पावलं मागे सरलो.

"तुमच्या हातून नाही सुटला," मी म्हणालो. "तुम्ही वर गेल्यावर तो मी पिळला. लांब पान्याने. आटे गेले ते मला कळलं होतं."

मेहुणीने विचारलं, "पण रेघ तर शाबूत होती?"

"ती मी पुन्हा ओढली."

डोस उठला. आता मारेल, असं वाटलं, आणि मारावं, असंही वाटलं. पण त्याने फक्त विचारलं, "किती फिरवलात?"

"पाव फेरा. थोडा जास्तच."

त्याने ओठ हलवत हिशेब केला. "म्हणजे माझे एकशे दहा बरोबर होते," तो म्हणाला. मग मेहुणीकडे वळून पुन्हा म्हणाला, "अगं, बरोबर होते," आणि रडायला लागला. तो चिडला असता तर मला सोसलं असतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "अहो, मग लगेच सांगायचंत ना," आणि हात धुवायला निघून गेला.

पंपावर जॅक लावून, त्याच तारेने खटपट करून, मी नवा बोल्ट बसवला. डोसने पत्रक वाचलं, मी त्याच्या पान्याने आवळलं. कट्. बाकीचे पाचही बघितले, एकही हलला नव्हता. मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा बायको तिथेच उभी होती, हाताची घडी घालून.

"काल तुम्ही मला जाऊ नकोस म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"का, म्हणून विचारलं मी. दोनदा विचारलं."

"हो."

"आणि सकाळी खाली येऊन माझी पिशवी गाडीत ठेवलीत."

मी मान हलवली.

"मी मागे बसले होते," ती म्हणाली, आणि दार उघडून पुन्हा तिथेच जाऊन बसली.