टोपीतली डहाळी

पासष्ट साली रेगेन्सबर्गजवळच्या जंगलात मला एक जर्मन शिकारी भेटला. हरीण दोनशे पावलांवर आणि याच्या हातात रिव्हॉल्व्हर. “रायफलनं कुणीही मारतं,” तो रुमालानं नळी पुसत म्हणाला. तिकडे मेलेल्या हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून डहाळी ठेवतात. यानं ती आधीच तोडून माझ्या हातात दिली आणि सहाही गोळ्या झाडल्या. हरणानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा चरायला लागलं.

“आल्झो... म्हणजे, वारा आहे,” तो म्हणाला. पानही हलत नव्हतं.

“मग या डहाळीचं काय करू?” मी विचारलं. त्यानं ती शांतपणे स्वतःच्या टोपीत खोवली. शिकार साधलेल्यानंच ती तशी खोवायची असते, हे गावात लोक त्याचं अभिनंदन करायला लागले तेव्हा मला कळलं.