विकलेल्या गाडीची चोरी

आमची गाडी मी रीतसर विकली, आणि महिन्याभराने तिच्या चोरीसाठी पोलीस चौकीत मलाच जावं लागलं.

झालं असं, की आमची कंपनी गुजरातेत गेली आणि मी अंबरनाथलाच राहिलो. नवी नोकरी मिळाली, पण आधीच्यापेक्षा दोन पायऱ्या खालची. गाडी विकणं भाग होतं. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या तोलाराम नावाच्या साडीवाल्याने ती घेतली. व्यवहार सरळ झाला. वाकडा होतो तो मी! सोसायटीत गाडी असलेला मी एकटाच. (आणि रोज सकाळी सगळ्यांना दिसेल अशी ती पुसणाराही मीच.) त्यामुळे शेजारच्या कर्णिककाकांनी "गाडी दिसत नाही हो?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गॅरेजला टाकलीय. उल्हासनगरला."

"विकली म्हणून सांगायला काय झालं?" घरात आल्यावर सुमती, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"सांगणारच आहे. योग्य वेळ येऊ दे."

ती योग्य वेळ काही महिनाभर आली नाही. तोवर मी रिक्षाचा प्रवासी व्हायला शिकत होतो. शेअर रिक्षात वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. एकदा तो शेजारच्या बाईंच्या पायावर पडला. "ओ काका, पाय आवरा!" सगळी रिक्षा माझ्याकडे बघायला लागली. पुढच्याच रविवारी बाजारात सवयीने दहा किलो गहू आणि दोन कलिंगडं घेतली आणि हमालाला ऐटीत म्हणालो, "डिकीत टाक." तो बिचारा ओझं घेऊन उन्हात डिकी शोधायला लागला. खरं सांगायची लाज वाटून मीही त्याच्याबरोबर शोधायला लागलो!

इकडे कर्णिककाकांचा पारा चढत होता. "महिना झाला की हो! गॅरेजवाला तुम्हाला बनवतोय."

"नाही काका, चांगला माणूस आहे."

"तुम्ही भोळे! मी दम देतो त्याला. नाव काय गॅरेजचं?"

"आठवत नाही," मी म्हणालो. त्या महिन्यातलं माझं हे सगळ्यात मूर्ख वाक्य. कारण शनिवारी सकाळी काका छत्री घेऊन निघाले ते कॅम्प दोनमधली गॅरेजं पालथी घालायलाच!

दुपारी तळमजल्यावरच्या देसाईंकडे (सोसायटीतला एकमेव फोन त्यांचा) माझ्यासाठी फोन आला. पलीकडे काका ओरडत होते. "गाडी सापडली! चोरही पकडलाय! ताबडतोब चौकीवर या!"

मी जिन्यातच बसलो. सुमतीने चपला घातल्या. "उठा. मीही येते. नाहीतर तिथेही काहीतरी भलतंच सांगाल."

चौकीबाहेर माझी गाडी, म्हणजे तोलारामची गाडी, उभी होती आणि तिच्या बॉनेटवर छत्री मांडीवर घेऊन कर्णिककाका बसले होते. भोवती ही गर्दी! तोलाराम घामाघूम होऊन हवालदाराला सांगत होता, "साईं, गाडी मेरी है! ये बुढ्ढा दुकान के सामने से बैठा है, उतरताच नाही! बॉनेट पे बिठाके लाया इसको!"

"तुझी कशी?" हवालदार म्हणाला. "गाडीच्या पुस्तकात नाव दुसऱ्याचंच आहे." तोलारामने गाडी अजून नावावर करून घेतली नव्हती.

"हे बघा, मालक आले!" काका आनंदाने ओरडले. "सांगा यांना, गाडी कोणाची?"

मी तोलारामकडे बघितलं. तो रडवेला झाला होता. सुमतीने मला कोपर मारलं.

"यांचीच आहे," मी म्हणालो. "मी विकली यांना. महिन्यापूर्वी."

गर्दीतून कोणीतरी हसलं. काका मात्र हसले नाहीत. ते सावकाश बॉनेटवरून उतरले, धोतराची धूळ झटकली आणि हळूच म्हणाले, "अकरा गॅरेजं फिरलो हो मी. एकाची तर कॉलरही धरली."

"काका, चुकलो."

"अहो, विकली म्हणाला असतात तर मी काय हसलो असतो?"

हवालदाराने मला चारचौघांत झापलं ते परवडलं, पण काकांचं ते सुकलेलं तोंड बघवेना. मी तोलारामचे हात धरून माफी मागितली. माणूस मोठा दिलदार. म्हणाला, "जाने दो साईं. मला अंबरनाथला माल टाकायचाय. चला, तुम्हा सगळ्यांना सोडतो."

सुमती आणि काका मागे बसले. मी दार उघडून आत बसलो, आरसा सारखा केला आणि किल्लीसाठी हात पुढे नेला. किल्ली नव्हती. वर बघितलं, तर ती हातात धरून तोलाराम बाहेर उभा! मी स्टिअरिंगसमोर बसलो होतो.

हवालदाराने काचेवर टकटक केलं. "साहेब, मघाशी चोर सापडत नव्हता. आता सापडला!"

गर्दी खो खो हसली आणि मागच्या सीटवर पहिल्यांदाच कर्णिककाकाही हसले. मी उतरलो, मागे जाऊन साड्यांचा एक गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो आणि गाडीशिवाय जगायला त्या दिवशी खरी सुरुवात केली. तीही गाडीत बसून!