गुलाल लागलेल्या कॅसेटी

सदा गेल्याचं त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी उचगावात एका जुन्या फ्रिजचा भाव पाडत होतो. फ्रिज तिथंच सोडून निघालो. सौदा अर्ध्यात टाकून उठायची माझी ती पहिलीच वेळ.

सदा म्हणजे मंगळवार पेठेतला लग्नाचा व्हिडिओवाला, माझा लहानपणापासूनचा दोस्त. आमचं भांडण माझ्या लग्नापासूनचं. नेमक्या अक्षता पडताना यानं कॅमेरा भलतीकडं फिरवला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो मात्र म्हणायचा, "सगळं घेतलंय की! आधी कॅसेट बघ बाळ्या, मग बोल." कॅसेट त्याच्याच कपाटात आणि त्याचा व्हीसीआर बंद. म्हणजे आरोपी हाच आणि पुरावाही याच्याच ताब्यात!

दिवसकार्य उरकल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, हार घालायला फोटो हाय, पर आवाज कुठंच न्हाय. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं हुबं ऱ्हायलं. त्या कॅसेटींत असंल बघा..."

कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला एका स्टुडिओवाल्यानं कॅसेटमागं असा दर सांगितला, की जणू तो त्या सोन्यानं मढवून देणार होता. त्याला चार शब्द सुनावून बाहेर पडलो आणि ठरवलं, हे आपणच करायचं. चालू व्हीसीआर, त्यातलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी छोटी डबी आणि वायरी, एवढंच तर लागतं. व्हीसीआर नवा मिळत नाही, म्हणून जुन्या बाजारात मी सदाची एक कॅसेट पिशवीत घालूनच फिरलो. "चालतोय की ओ," असं कोणी म्हणालं की मी म्हणायचो, "मग चालवून दाखव." बरेच जण तिथंच दुसरं गिऱ्हाईक बघायला लागले. एकाचा चालला, तो घेतला. डबी मात्र सगळ्यांत स्वस्तातली उचलली आणि फसलो. चित्र स्वच्छ, आवाज गायब! ज्याच्यासाठी खटाटोप, तोच मुका. दुकानात जाऊन असा तापलो, की दुकानदारानं मुकाट्यानं बदलून दिली. वरचे पैसे घालून घेतलेली दुसरी डबी तिथंच आवाज ऐकून पारखली.

दोन कॅसेटी झाल्या आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. व्हीसीआरवाल्यानं गंडवलं म्हणून भांडायलाच निघालो होतो. पण आधी झाकण उघडलं, तर आत सगळं गुलाबी! मग आठवलं. दर खंडेनवमीला सदा कॅमेऱ्याबरोबर एकेका कॅसेटीला जोतिबाचा गुलाल लावायचा, तोही मूठ भरून. "भाकरी देणाऱ्याला नुसतं बोट लावायचं व्हय रं?" म्हणायचा. स्पिरिट लावून मशीन पुसलं, अंगणात बसून सगळ्या कॅसेटी ब्रशनं झाडल्या. माझा शर्ट, केस, मिशा... सगळं गुलाबी. रस्त्यानं जाणारा एकजण ओरडला, "काय पावणं, निवडून आलासा काय?"

आलोच होतो! शेवटी माझ्या लग्नाची कॅसेट लावली. वहिनी शेजारी बसल्या. मंगलाष्टका संपत आल्या, 'सावधान' झालं आणि कॅमेरा गर्रकन वळला... मांडवाच्या दारात एक वासरू घुसून तोरण खात होतं. अक्षता संपेपर्यंत पडद्यावर ते वासरूच. मी उडीच मारली. "बघा वहिनी! म्हणत नव्हतो मी?" इतक्या वर्षांचा खटला जिंकलो होतो.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून हसू दाबत तो आवाज आला, "बाळ्या आता जन्मभर बोंबलतोय. बोंबलू दे! असलं वासरू परत कुठं गावायचं?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. किती दिवसांनी... मग डोळे पुसत म्हणाल्या, "परत लावा की, भावजी."

तो व्हीसीआर आता त्यांच्याच घरात, सदाच्या फोटोखाली आहे. येत्या खंडेनवमीला त्याला गुलाल लावायचा म्हणतात वहिनी, मूठभर. मशीन बिघडेल म्हणून मी बोटभरावर अडून बसलो. बरीच घासाघीस झाली. शेवटी सौदा चिमटीवर पटला, तोही झाकणाच्या वरूनच.