टेपताई आणि तापणारं मशीन

टेपताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता दुकानात उरलं नव्हतं. पर्समध्ये चष्मा नसेल, घराची किल्ली नसेल, पण मोजायची टेप नाही असं कधी व्हायचं नाही. कुणाकडे जेवायला गेली तरी तिची नजर यजमानांच्या कपाटावर. घरी येताना नवऱ्याला सांगायची, "दार जरा जास्तच रुंद केलंय. लवकरच लोंबणार बघा." नवरा विचारायचा, "अगं, जेवण कसं होतं?" ते तिला आठवायचं नाही.

दुकान स्वयंपाकघरांची कपाटं आणि ओटे बनवून देणारं. पुढे काचेचं दालन, मागे कारखाना, तिथे प्लायवूड कापायची करवत आणि कायमचा भुसा. टेपताई लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, पेन्सिलीने चित्र काढायची आणि मिस्त्री त्यावरून कपाटं बनवायचे. गिऱ्हाइकं त्या चित्राकडे बघून मान डोलवायची. त्यातलं एक अक्षर त्यांना कळलेलं नसायचं. मग कपाट भिंतीवर चढलं की म्हणायची, "अहो, असं नव्हतं सांगितलं!" मिस्त्री मालकाकडे बघायचे, मालक टेपताईकडे बघायचे आणि टेपताई स्वतःच्या पेन्सिलीकडे.

ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा ती संगणकावर चित्रं काढायला शिकली. वयाने अर्ध्या असलेल्या मुलामुलींच्या वर्गात मागच्या बाकावर बसून शिकली. शिकवणाऱ्याने "काकू, जमेल ना?" असं एकदाच विचारलं. तिच्या पहिल्याच चित्रात फ्रीजचं दार भिंतीला न आपटता उघडत होतं. ते पाहिल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही.

अख्खं स्वयंपाकघर पडद्यावर गरगरा फिरवून दाखवायचं, खण उघडून दाखवायचे, खिडकीतून ऊन कुठे पडेल ते दाखवायचं, तर साधा लॅपटॉप धापा टाकतो. त्याला गेम खेळणाऱ्यांचाच दणकट लॅपटॉप लागतो, हे तिला वर्गातच कळलं होतं. तो घ्यायला गेली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी ना? कुठले गेम खेळतो?"

"मलाच हवाय."

"तुम्हाला? तुम्ही काय खेळता?"

"भातुकली," टेपताई म्हणाली. दुकानदार हसला. ती हसली नाही, कारण तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

लॅपटॉप काळाकुट्ट आणि जाडजूड. बुडाला आणि पाठीला जाळ्या, बटणांखाली लाल-निळे दिवे, चार्जर विटेएवढा. सुरू केला की आतले पंखे घोंघावायचे. सासूबाई पहिल्या दिवशी दारातच थांबल्या. "हे उडणार असेल तर आधी सांग. मी गॅलरीतले कपडे काढते."

सासूबाईंचं सारं आयुष्य पिशव्या शिवण्याच्या कारखान्यात गेलं होतं. काम सुटलं तरी हात सुटला नव्हता. घरातला टीव्ही, मिक्सर, इस्त्री, पाण्याचं पिंप, सगळ्यांना त्यांनी कव्हरं शिवली होती. नवरा म्हणायचा, "आई, मी सोफ्यावर जास्त वेळ बसलो तर मलाही शिवशील." एवढा भारी लॅपटॉप उघडाबोडका राहतोय हे सासूबाईंना बघवेना. त्यांनी गुपचूप त्याची मापं घेतली, तीही सुनेच्याच टेपने, आणि एक कव्हर शिवलं. पुस्तकाला घालावं तसं. लॅपटॉप उघडला तरी अंगावरून न निघणारं. खाली कापसाचा मऊ थर, कडेला निळी किनार, वायरीसाठी चक्क काज केलेलं.

"घाल त्याला," एवढंच म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी आपण होऊन सुनेसाठी काही शिवल्याचं तिला आठवत नव्हतं. सुनेच्या कामाबद्दल त्या बोलल्याच तर "हिचं ते मोजणं" असं म्हणायच्या. आज त्याच मोजण्याच्या मशीनला त्यांनी अंगरखा शिवला होता. टेपताईने तो घातला आणि पुन्हा काढला नाही.

महिनाभरात लॅपटॉपने रंग दाखवायला सुरुवात केली. आधी चित्र अडखळायला लागलं. मग बटणांवर बोटं टेकवेनात. मग एके दिवशी एक नवराबायको समोर बसलेले, पडद्यावर त्यांच्या ओट्याखालचे खण एकामागून एक उघडतायत, बाई हरखून नवऱ्याला कोपराने ढोसतेय, आणि पडदा काळा. लॅपटॉप बंद. बाईचा चेहरा आता काळ्या काचेत दिसत होता.

"आमचं घर कुठे गेलं?" नवऱ्याने विचारलं.

असं पुन्हा झालं. आणखी एकदा झालं. मग मालकांनी तिला बोलावलं. मालक माणूस वाईट नव्हता, पण त्याला शरम फार लवकर वाटायची, आणि ती तो दुसऱ्यावर काढायचा.

"ताई, शनिवारी लॉजवाल्या बाई येणार आहेत. अख्ख्या इमारतीच्या खोल्यांचं काम आहे, पलंगांपासून आरशांपर्यंत. त्यांच्यासमोर तुमचं हे नाटक नको. मी चित्रं बाहेरच्या ऑफिसकडून करून घेतो."

"आणि मी?"

"मापं आहेतच की. तुमच्यासारखी मापं कोण घेतं?"

गोड बोलून त्यांनी तिला परत पेन्सिलीकडे पाठवलं होतं. टेपताईने मान डोलवली नाही. ती म्हणाली, "शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी बंद पडला तर मी होऊन चित्रं सोडते."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा थांबायला हवं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मालकांनी तो झेललाही होता.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप हातात घेऊन "बापरे" म्हटलं. मग आतलं मुख्य सर्किट गेलं असेल असं म्हणाला, मग पंखे गेले असतील असं, शेवटी "ठेवून जा, पंधरा दिवसांनी बघू."

"काय बिघडलंय ते कळलं का?"

"ठेवलंत तर कळेल ना."

तिने लॅपटॉप उचलला. दार घासत असेल तर मिस्त्री लगेच रंधा घेऊन दार तासत बसत नाहीत, हे ती रोज पाहत होती. ते आधी बिजागरी बघतात, मग चौकट, मग जमीन. एका वेळी एकच गोष्ट. सगळं एकदम हलवलं की दार लागतं, पण का लागत नव्हतं ते कळत नाही. आणि जे कळलं नाही ते पुन्हा बिघडतं.

घरी जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप ठेवला, लॉजच्या पहिल्या मजल्याचं चित्र उघडलं आणि खोल्या फिरवत बसली. पंखे बोंबलायला लागले. तिने बुडाखाली हात घातला. कापूस गरम झाला होता, पण हवा कुठेच लागत नव्हती. एवढे पंखे कानठळ्या बसवतायत आणि हाताला वाऱ्याची झुळूक नाही? कपाटात गॅसची टाकी बसवायची तर खाली जाळी सोडावी लागते, असं तीच गिऱ्हाइकांना बजावायची. तिने लॅपटॉप उलटा केला आणि कव्हराची कड ओढली. बुडाच्या सगळ्या जाळ्या निळ्या किनारीच्या आत, कापसाखाली, गुदमरून पडलेल्या.

कव्हर काढलं. मशीन दोन वह्यांच्या कडांवर टेकवलं. पंखे ओरडले, पण आता मागच्या जाळीतून गरम वाफारा भसाभस बाहेर आला. खोल्या फिरत राहिल्या. पडदा काळा झाला नाही.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी टेबलावर पडलेलं कव्हर पाहिलं.

"काढलंस?"

टेपताईला वाटलं, सांगावं की धुवायला काढलंय. जीभ तिकडे वळलीही होती. पण शनिवार डोळ्यांसमोर आला.

"आई, तो याच्यामुळे तापत होता. त्याला खालून हवा लागते. मला आत्ता कळलं."

सासूबाईंनी पुढे होऊन मशीनला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अगं, हा तर तवा झालाय!" मग कव्हर उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कारखान्यातला होता. "आणि एवढे दिवस तू त्याला या गोधडीत कोंबून बसलीस? हाताला चटके बसत होते तेव्हा काढून बघावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही शिवलेलं..."

"मी शिवलेलं म्हणून काय झालं! पिशवीचा बंद तुटला तर आमची मुकादमीण आमच्या तोंडावर पिशवी मारायची. तिचं काही चुकायचं नाही. भीड ही भिकेची बहीण, सूनबाई. माझ्या भिडेपायी काम घालवून बसली असतीस, आणि नाव कुणाचं झालं असतं? माझं!"

रागावल्या होत्या खऱ्या. त्या दिवशी मिक्सरचं कव्हरही त्यांनी उगाच दोनदा झटकलं. टेपताईला वाईट वाटलं, पण मोकळंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात लॅपटॉप तापला नाही, पण बॅटरी उतरत गेली. वायर लावलेली असूनही. ही बिजागरी झाली, आता चौकट, ती स्वतःशी म्हणाली. विटेएवढा चार्जर रोज कोण वाहणार, म्हणून तो घरी ठेवून ती दुकानात हिशेबनिसाचा पातळ चार्जर लावायची. भोकात बसत होता, दिवा लागत होता, मग झालं तर! पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना रोज यायची आणि टेपताई ती रोज न वाचता बंद करायची. आज चष्मा लावून वाचली. हा चार्जर कमी शक्तीचा आहे, असं ते बिचारं महिनाभर कोकलत होतं. बैल नांगराला आणि चारा कोंबडीचा.

मग ती चार्जरची वीट पिशवीत घालून दुकानात आली. बॅटरी भरली, चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. आणि तेवढ्यात मागे कारखान्यात करवत सुरू झाली. दालनातले दिवे क्षणभर मंदावले, चार्जरचा दिवा विझला, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि चित्र पुन्हा लंगडायला लागलं. करवत थांबली, सगळं ठीक.

ती मालकांकडे गेली. "दालनातला प्लग करवतीच्याच लाइनवर आहे. मला वेगळा प्लग द्या."

"आता शनिवारच्या आधी भिंत फोडू?"

"मग तुमच्या केबिनमध्ये दाखवू? तुमच्या एसीची लाइन वेगळी आहे."

"केबिनमध्ये गिऱ्हाईक? ताई, काहीतरीच!" मालक म्हणाले आणि फोन उचलला.

शनिवारी लॉजवाल्या बाई भावाला घेऊन आल्या. बाई ठेंगण्या, आवाज खणखणीत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. मिस्त्रींना टेपताईने करवत बंद ठेवायला विनवलं होतं, त्यांनी मान डोलवली होती, पण संध्याकाळचा माल जायचा होता. पहिली खोली उघडली, पलंगाखालचे खण बाहेर आले, बाई पुढे वाकल्या. आणि मागे करवत किंचाळली.

दिवे मंदावले. चार्जरचा दिवा गेला. पलंग अडखळत फिरू लागला.

"असंच दिसणार का ते?" भावाने विचारलं.

मालकांनी डोळे मिटून घेतले. टेपताईला त्यांच्या ओठांवर "बाहेरचं ऑफिस" आलेलं दिसलं. तिने चित्र जपून ठेवलं, स्वतःच्या हाताने लॅपटॉप मिटला, वीट काढून काखेत धरली.

"चला, आत बसू. इथे आवाज फार आहे."

"ताई," मालक म्हणाले.

"या ना, तुम्हीही या," ती म्हणाली आणि केबिनचं दार खांद्याने ढकललं. मालकांच्या टेबलावरच्या चहाच्या विजेच्या किटलीचा प्लग काढून तिने किटली मालकांच्या हातात दिली, त्या प्लगच्या जागी वीट लावली, लॅपटॉप दोन फायलींच्या कडांवर टेकवला. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या, भाऊ दुसऱ्या. मालकांच्या खुर्चीत टेपताई बसली, कारण पडदा तिथूनच हाताळता येत होता. मालकांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं, हातात किटली घेऊन.

करवत पुन्हा सुरू झाली. केबिनमधला दिवा जराही मंदावला नाही.

खोली फिरली. मोरी उघडली, खिडकीतून ऊन आत आलं. बाई म्हणाल्या, "हा आरसा दारासमोर नको. आल्याआल्या पाहुण्याला स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसतो."

"इकडे घेऊ?"

"आत्ता?"

"आत्ता."

तिने आरसा उचलला, दुसऱ्या भिंतीवर लावला, कपाट सरकवलं, दिवा बदलला. पंखे गर्जायला लागले. टेपताईने डावा हात हळूच मागच्या जाळीजवळ नेला. वारा जोरात बाहेर येत होता. मग बाईंनी बेसिन हलवायला लावलं, मग सगळ्या मजल्यावरची कपाटं एका रंगाची करून बघितली, मग तो रंग आवडला नाही म्हणून दुसरा. भाऊ जांभया द्यायला लागला. लॅपटॉप थांबला नाही.

"आवाज फार करतो हो तुमचा," बाई म्हणाल्या.

"काम करतोय, बाई. गप्प बसला तर काळजी करायची."

बाई पहिल्यांदा हसल्या. पर्स मांडीवरून टेबलावर गेली. "बाकीचे मजले कधी दाखवता?"

"आधी मापं घ्यायला येते. परवा," टेपताई म्हणाली.

त्या गेल्यावर मालकांनी किटली टेबलावर ठेवायला जागा शोधली. जागा नव्हती. फायली, वीट, वायर, टेप, सगळं पसरलं होतं.

"छान झालं," ते म्हणाले, आणि किटली हातातच धरून, "मग आता... केबिन?"

"दालनात वेगळ्या लाइनवर प्लग बसला की लगेच उठते," टेपताई म्हणाली आणि पुढच्या मजल्यासाठी नवं कोरं चित्र उघडलं. "वायरमनला तुम्ही फोन करता, की मी करू?"

मालकांनी खिशातून फोन काढला.