गप्प बसण्याची सक्ती नाही

रत्नागिरी स्टेशनवर बाबांनी माझ्या व्हायोलिनची पेटी उघडली आणि तिच्यात पत्रकांचा गठ्ठा कोंबला. आयुष्यभर त्यांनी पत्रकं काढली: वाडीच्या पाण्यासाठी, बंद पडलेल्या एसटीसाठी, बंदरावरच्या मजुरांसाठी. मी बाराखडी गिरवली ती त्या पत्रकांच्याच कोऱ्या बाजूवर. गाडी हलताना म्हणाले, "शिकायला जातेयस, जा. पण तिकडे बड्या लोकांची करमणूक करत बसू नकोस."

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, कबूल करते: व्हिएन्नात दोन हिवाळे मी नेमकं तेच केलं. झुंबरांखाली वॉल्ट्झ, जोडीने गिरक्या घेत नाचायची तिकडची धून. समोर कोट, गाऊन आणि इतकी शांतता की खोकल्यानेही ओशाळावं. मग आमच्या चौघांच्या ताफ्यातल्या म्हाताऱ्या चेलोवादकाने सांगितलं, ही गिरकी मुळात खेड्यातल्या खानावळींतली, शेतकऱ्यांची; महालात ती नंतर गेली. मी पेटलेच. म्हणजे कष्टकऱ्यांचं ते कष्टकऱ्यांना परत करायला हवं!

गेल्या मे महिन्यात या आजोबांना आणि आणखी दोघांना घेऊन वाडीत उतरले. पत्रक मीच लिहिलं: "देवळात वॉल्ट्झ आणि हलक्याफुलक्या धुना. तिकीट नाही. गप्प बसण्याची सक्ती नाही."

बाबांनी वाचलं. "लोक उठून गेले तर?"

"तर हे वेड सोडीन."

सगळे आले. खलाशी, आंब्याच्या बागेतले गडी, टोपल्या बाहेर ठेवून मासळीवाल्या. आमच्यानंतर भजन होतं, म्हणून भजनी मंडळी झांजा घेऊनच बसलेली. झांज हातात असली की आमच्याकडचा माणूस स्वस्थ बसत नाही, हे मी तिकडे राहून विसरले होते. पहिल्याच वॉल्ट्झला त्यांनी भजनाचा चारचा ठेका धरला. आमचा तीनचा! चौघेही तालातून कोसळलो. थांबलो.

हशा पिकला. भजनी मंडळाचे दत्तूबुवा ओरडले, "काय गो, तुझी माणसं एक ठोका खातायत!"

"खात नाहीत बुवा, तीनच आहेत!"

"मग तीन-तीनचा दादरा म्हण ना गो आधी! पत्रकात लिहायला काय झालं होतं?"

बुवांनी झांज उचलली. पहिला ठोका खणखणीत, पुढचे दोन दाबून. आम्ही निघालो, आणि काय सांगू! देऊळ डोलायला लागलं. दोन मासळीवाल्यांनी पदर खोचून गिरकीच घेतली. आजोबा रडत-हसत वाजवत होते. कोणीही उठलं नाही. भजनाची वेळ टळली तरी बुवाच "अजून एक" म्हणत होते.

आता इथे व्हिएन्नात दर शनिवारी आम्ही बाजारात, भाजीच्या गाड्यांमध्ये वाजवतो. लोक थांबतात, टाळ्या वाजवतात, सभ्यपणे निघून जातात. चूक कोणी काढत नाही. तेव्हा घर आठवतं. भर देवळात माझ्या ठोक्याची चूक काढणारी आणि पुढच्या धुनेसाठी बसून राहणारी ती माणसं.

येत्या मे महिन्याचं पत्रक बाबांनी छापून पाठवलंय. शेवटची ओळ त्यांची आहे: "ताल दादरा. झांजा घेऊन यावे."